जुने थ्री-वे स्पीकर: एकाचा वूफर घासतोय, दुसऱ्याचा ट्वीटर मुका. दुरुस्त करू की भंगारात?

नौपाडाकर

नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, माळा रिकामा करताना काकांची थ्री-वे स्पीकरची जोडी खाली उतरली. ऐंशीच्या दशकातला माल, सागाचं व्हिनिअर, दहा इंची वूफर (खालचे, बेसचे सूर वाजवणारा), वर मिड (मधले सूर) आणि ट्वीटर (वरचे, बारीक सूर), मागे ट्वीटर कमी-जास्त करायचं एक बटण. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा लगेच "तो भारी की हा भारी" वर जाणार. टेम्पोतून मानपाड्याला भाड्याच्या फ्लॅटवर आणताना डावा स्पीकर एकदा आडवा पडला.

अँप काकांचाच, चाळीस वॉट पर चॅनल, हेडफोन लावून ऐकला तर मस्त आहे. डाव्या स्पीकरमध्ये तबल्याचा बायाँ आला की आत भुंगा कोंडल्यासारखी घरघर. उजवा खालून त्यातल्या त्यात बरा, पण वरचं काहीच नाही, टाळ, झांजा, सतारीची किणकिण सगळं गायब. स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितलं की दोन्ही वूफर काढून कारचे टाकू, ट्वीटर नवे बसवू, संध्याकाळी घेऊन जा. मला काही पटेना. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न घरात आहे, हात बरा चालतो. काय करावं?

घोडबंदर_एक्सप्रेस

साउंडबार घ्या आणि सुटा राव. (हलकं घ्या.)

जुना_रेडिओ

नौपाडाकर, न उघडता निदान करणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका एवढंच आधी सांगतो. माझी सगळी नोकरी तुर्भ्याला टेस्ट बेंचवर गेली त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

हेडफोनवर अँप चांगला वाजला म्हणजे स्पीकरचं आउटपुट चांगलं असं होत नाही, मध्ये स्पीकर ए-बी चा स्विच असतो, बऱ्याच अँपमध्ये रिले असतो, आणि तीस-चाळीस वर्षांत त्यांचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. म्हणून अँप बंद करून मागच्या डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला तर दोष स्पीकरचा, दोष दुसऱ्या बाजूला गेला तर अँपचा. फुकटची टेस्ट आहे आणि नव्वद टक्के लोक ती करत नाहीत.

मग पुढची जाळी काढा आणि वूफरच्या कडेला जी गोल फुगीर रिंग असते, सराउंड, ती बोटाने हलकेच दाबा. फोमची असेल तर बहुतेक बोटाला काळं चिकट काहीतरी लागेल. तो पॉलियुरेथेन फोम असतो, हवेतला दमटपणा त्याला आतून तोडतो, साधारण पंधरा-पंचवीस वर्षांत त्याचा चिखल होतो. स्पीकर वाजवला काय नि माळ्यावर ठेवला काय, काही फरक पडत नाही. आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे लवकरच.

नंतर वूफर काढा. एक काळजी घ्या, मागचा मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर इतका जोरात ओढतो की हात सैल पडला तर तो सरळ कोनमधून (पुढच्या हलत्या कागदी शंकूतून) आरपार जातो. दुसऱ्या हाताचा तळवा कायम कोनच्या वर आडवा धरा. आत पिवळी ग्लासवूल असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क घाला, आणि ती फेकू नका, तेवढीच परत भरायची आहे. वायर सुटी करायच्या आधी फोटो काढा, कुठल्या लगला (वायर जोडायच्या पत्रीला) कुठला रंग ते दिसेल असा. मग प्रत्येक ड्रायव्हरची (म्हणजे वूफर, मिड, ट्वीटर, प्रत्येकाची) एक वायर सोडवून मीटरवर ओहम बघा. आठ ओहमचा वूफर मीटरवर साडेसहा-सातच्या आसपास दाखवतो, तो आठ दाखवत नाही म्हणून घाबरू नका, आठ हा इम्पीडन्स (एसीला होणारा अडथळा) आहे आणि मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो.

नेरूळची_ताई

वाचतेय. आमच्याकडेही एक जोडी पडून आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कळवा_सब्जेक्ट

कारचे वूफर टाकायला काय हरकत आहे पण? दहा इंच म्हणजे दहा इंच, भोक तेच, स्क्रू तेच.

जुना_रेडिओ

कळवा, भोक तेच पण खोक्यातल्या हवेचं काय? वूफर आणि खोकं ही जोडी असते. वूफरच्या मागची बंद हवा स्प्रिंगचं काम करते, १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिलचुर यांनी एआर-१ नावाचा स्पीकर ह्याच तत्त्वावर काढला, लहान खोक्यात खोल बेस. पुढे ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ह्याचं गणित मांडलं, आजही प्रत्येक वूफरच्या डेटाशीटवर थील-स्मॉलचे आकडे असतात. कारचा वूफर बहुतेक चार ओहमचा, त्याचा कोन जड, त्याची सेन्सिटिव्हिटी कमी, म्हणजे तेवढ्याच वॉटला आवाज कमी. क्रॉसओव्हर म्हणजे सूर वेगळे करून वूफर, मिड, ट्वीटरकडे पाठवणारं आतलं सर्किट; आठ ओहमच्या जुन्या क्रॉसओव्हरला चार ओहमचा वूफर लावला की क्रॉसओव्हरची फ्रीक्वेन्सी सरकते, अँपवर लोड वाढतो आणि मिड-ट्वीटर वूफरपेक्षा मोठ्याने बोंबलायला लागतात. आवाज येईल हो. तो स्पीकर राहणार नाही.

नौपाडाकर

जुना_रेडिओ काका, काल रात्री सगळं हॉलमध्ये पसरून बसलो, बायको बेडरूममध्ये दार लावून. वायरींची अदलाबदल केली, दोष त्याच त्या स्पीकरमध्ये राहिले, म्हणजे अँप सुटला.

सराउंड तुम्ही म्हणालात तसंच, दोन्हीचं. उजव्याचं बोट लावताच पावडर झालं. डाव्याचं गंमतशीर आहे, वरचा अर्धा भाग पूर्ण गळून गेलाय पण खालचा अर्धा अजून चिवट आहे आणि कोनला धरून बसलाय.

मीटर: डावा वूफर ६.४, उजवा ६.६. मिड दोन्ही ठीक. आणि मुका ट्वीटर ५.८! म्हणजे कॉइल (आवाज करणारी आतली तारेची गुंडाळी) जळलेली नाही ना? मग बोलत का नाही? शिवाय डावा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी आत दाबला की खर्र असं घासतं. आडवा पडला होता तेव्हा मॅग्नेट तर सरकला नसेल? ते झालं तर संपलंच असं वाचलंय.

ऐरोलीकर

ट्वीटर ५.८ दाखवतोय म्हणजे जिवंत आहे, तो नवा घेऊ नका. त्याच्यापर्यंत करंटच पोचत नाहीये. रस्त्यात तीन गोष्टी आहेत, कपॅसिटर, मागचं ते लेव्हलचं बटण, आणि लग. माझा संशय बटणावर. ते वायरवाउंड पॉट किंवा एल-पॅड, म्हणजे कमी-जास्त करता येणारा रेझिस्टन्स असतो, आत एक पत्री वायरच्या गुंडाळ्यावरून सरकते, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी उभी राहिली की पत्रीखाली गंज धरतो. हळू आवाजात काहीतरी वाजत ठेवा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठेतरी खरखर करून ट्वीटर बोलला तर चोर सापडला.

नौपाडाकर

बोलला!!! दोनच्या काट्यावर आणलं की कर्रर करून झांजा येतात, हात काढला की जातात.

ऐरोलीकर

घ्या. आता नुसता स्प्रे मारून मोकळे होऊ नका, स्प्रेने दोन महिने चालेल आणि परत तेच. बटण काढा, मागचे पत्र्याचे कान सरळ केले की उघडतं. आत हिरवं-काळं दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश, मग पत्री हलकेच वाकवून थोडा जास्त दाब देईल अशी करा. पॉलिश पेपर लावू नका, वायर बारीक असते, तुटली की गेलं.

आणि बटण बाहेर आहे तोवर कपॅसिटरही मोजून घ्या. एक पाय सोल्डरमधून सोडवूनच मोजायचं, सर्किटमध्ये मोजलं तर आकडा खोटा येतो.

जुना_रेडिओ

ऐरोलीकरांना अनुमोदन. मॅग्नेटचं सांगतो. पडल्यावर मॅग्नेट सरकतो हे खरं आहे, फेराइटचा मॅग्नेट प्लेटला गोंदाने चिकटवलेला असतो, धक्क्याने गोंद सुटला की प्लेट एका बाजूला सरकते आणि मधल्या गॅपमध्ये कॉइल चिमटली जाते. पण तसं झालं की कोन बहुधा जागचा हलतच नाही, जाम होतो. तुमचा हलतोय, घासत का होईना. शिवाय तुम्हीच लिहिलंय की खालचा अर्धा फोम शाबूत आहे. तो अर्धा फोम कोनला एका बाजूला खेचतोय आणि वर धरायला कोणी नाही, म्हणून कॉइल तिरकी होऊन घासतेय असा माझा अंदाज. परीक्षा सोपी आहे. उरलेला फोम पूर्ण कापून काढा. आता कोनला फक्त खालचा पिवळा नागमोडी स्पायडर धरून ठेवील, आणि तो एकटा कॉइल बऱ्यापैकी मध्यावर ठेवतो. मग मध्याजवळ तीन बोटांनी अगदी सरळ दाबा. घासणं गेलं तर फोमचा दोष. सरळ दाबूनही सगळीकडून घासलं तर कॉइल जळून फुगली आहे किंवा गॅपमध्ये कचरा आहे. मॅग्नेट सरकलेला असेल तर मधली टोपी काढल्यावर डोळ्यांनी दिसतं, एका बाजूचा गॅप मोठा, एका बाजूचा नाहीच.

नौपाडाकर

काका तुमचे पाय कुठे आहेत! फोम कापला आणि घासणं बंद, एकदम मऊ आत-बाहेर होतोय. त्या दुरुस्तीवाल्याच्या हिशेबाने हा वूफर आज भंगारात असता.

कपॅसिटरवर ४.७ लिहिलंय, बायपोलर (प्लस-मायनस नसलेला). मुक्या बाजूचा ६.९ दाखवतोय, चांगल्या बाजूचा ६.१. वाढतो कसा काय? मला वाटलं म्हातारा झाला की कमी होतो.

ऐरोलीकर

इलेक्ट्रोलायटिक म्हणजे तुमचा हा आत ओलं रसायन असलेला कपॅसिटर, त्याचा आकडा दोन्हीकडे जातो, सुकला की कमी होतो, आतून लीकेज वाढलं की मीटरवर फुगलेला आकडा येतो, आणि दोन्हीत ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स, वाढतो. तुमच्याकडचा आकडा खरा धरला तर गणित करा: आठ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरॅड म्हणजे साधारण ४,२०० हर्ट्झच्या वरचंच जाणार. सातच्या आसपास गेला तर तीच रेघ २,८०० पर्यंत खाली येते, म्हणजे जे मिडने वाजवायचं ते बिचारा ट्वीटर वाजवतोय. आवाज वाढवला की पहिला तोच जाणार. दोन्ही बाजूंचे बदला, एकाच बाजूचा नको, नाहीतर डावा-उजवा वेगळा वाजेल.

साधा पोलर इलेक्ट्रोलायटिक लावू नका, स्पीकरला एसी जातो, तो टिकणार नाही. पॉलिप्रोपिलिन फिल्म घ्या, ४.७ च, शंभर व्होल्टच्या वरचा कुठलाही. लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतो, दादरला वेस्टर्नला बदलून ग्रँट रोडला उतरा, रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली. साइज अंगठ्याएवढा असतो, बोर्डावर मावला नाही तर केबल टायने आडवा बांधा.

कोपरी_पूर्व

फिल्म कपॅसिटर टाकून जुन्या स्पीकरचा गोडवा घालवू नका असं माझं मत. ओरिजिनल बायपोलर इलेक्ट्रोलायटिकच टाका, तो डिझाइनचा भाग आहे.

ऐरोलीकर

गोडवा म्हणजे ईएसआर हो. इलेक्ट्रोलायटिकचा नव्यातच थोडा रेझिस्टन्स असतो, डिझाइन करणाऱ्याने तो धरलेला असतो. फिल्मचा जवळजवळ शून्य, म्हणून ट्वीटर किंचित टोचतो. अर्धा-एक ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका, परत गोड.

कोपरी_पूर्व

मग आधी इलेक्ट्रोलायटिकच का नाही टाकत, वीस रुपयांत काम.

ऐरोलीकर

कारण पंधरा वर्षांनी परत हाच धागा.

जुना_रेडिओ

दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका. क्रॉसओव्हरवरची तांब्याची कॉइल जागची हलवू नका आणि तिच्या मधोमध लोखंडी स्क्रू ठोकू नका, इंडक्टन्स बदलतो. तिला म्हातारपण येत नाही, सोडून द्या.

आता फोम. विकत घेताना "दहा इंची" एवढं सांगून मागवू नका. चार मापं घ्या: कोनचा बाहेरचा व्यास, फ्रेमवर जिथे चिकटतो तिथला आतला आणि बाहेरचा व्यास, आणि फुगीर भागाची रुंदी. एक माप चुकलं की कोन ताणला जातो किंवा सुरकुत्या पडतात. रबराचं सराउंड जास्त टिकतं म्हणून लोक ते लावतात. फोमच्या जागी रबर लावू नका, रबर जड आणि ताठ, वूफरचा रेझोनन्स (ज्या सुराला तो आपसूक जास्त हलतो तो) हलतो आणि बेस बदलतो. आणि रिकोनिंगवाल्याकडे (नवा कोन बसवून देणाऱ्याकडे) द्यायचं ठरवलंत तर आधी विचारा घरगुती स्पीकर करतो का, कारण बरेच जण मंडपाच्या आणि बँजोच्या स्पीकरचं काम करतात, ते कडक कापडी कडेचा पीए (सभा-मंडपाच्या लाउडस्पीकरचा) कोन बसवून देतात, दणदणीत वाजतो पण खालचा बेस संपतो.

नौपाडाकर

फोम ऑनलाइन मागवले, मापं जुळली. जुना गोंद काढणं हेच खरं काम निघालं. कोनच्या कडेला तपकिरी गुळगुळीत थर, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाने लावायचं, मिनिटभर थांबायचं, मग बोथट सुरीने कोनच्या बाजूने बाहेर असं खरवडायचं. थिनर वापरणार होतो पण बाटलीवरच्या वासानेच डोकं दुखलं. कागदी कोन ओला झाला की कडेला पापुद्रे सुटतात, म्हणून दोन बोटांएवढाच भाग एका वेळी. फ्रेमवरचा गोंद मात्र निर्दयपणे काढला.

आता प्रश्न सेंटरिंगचा. टोपी कापून पट्ट्या घालायच्या की टोन वाजवून करायचं? व्हिडिओत दोन्ही दाखवतात.

जुना_रेडिओ

पट्ट्या घालणं जास्त खात्रीचं. टोपी धारदार ब्लेडने कडेने कापा, पूर्ण सुटी नको, एका बाजूला बिजागरी ठेवलीत तरी चालेल. मधला लोखंडी खांब आणि कॉइल यांच्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार बारीक पट्ट्या समोरासमोर उभ्या सरकवा. कोन हलता कामा नये इतक्या घट्ट, पण कॉइल ताणू नये. मग फोम आधी कोनला चिकटवा, ते वाळू द्या, मगच फ्रेमला. कोनला पांढरा फेव्हिकॉल चालतो, हळू वाळतो म्हणून सरकवायला वेळ मिळतो. फ्रेमला फेव्हिबाँडसारखा रबरी गोंद, दोन्हीकडे पातळ लावून थोडा सुकू द्यायचा. दोन्ही पूर्ण वाळल्यावर पट्ट्या उपसा, आणि फटीत काही पडलं नाही ना ते टॉर्चने बघा.

टोनची पद्धत टोपी न कापता होते. फेव्हिकॉल ओला असताना मोबाइलवरून अँपला वीस-तीस हर्ट्झचा टोन अगदी हळू द्या, कोन हलताना दिसेल, घासल्याचा आवाज आला तर फोम त्या बाजूने किंचित सरकवा. पण त्यासाठी फ्रेमलाही हळू वाळणारा गोंद लागतो, रबरी गोंदाने एकदा पकडलं की सरकत नाही. कान तयार नसतील तर पट्ट्याच.

पाऊस असेल तर वाळायला दुप्पट वेळ धरा. पंखा लावा, हेअर ड्रायर नको.

नौपाडाकर

पट्ट्या घातल्या. माझ्या गुडघ्याच्या एक्स-रेचा उपयोग झाला एकदाचा.

आता बॅटरीची टेस्ट सांगा, पोलॅरिटीची, म्हणजे प्लस-मायनस बरोबर आहे का ते बघायची.

जुना_रेडिओ

दीड व्होल्टचा पेन्सिल सेल, वूफरच्या लाल खुणेला प्लस, दुसऱ्याला मायनस, क्षणभर टेकवायचं आणि सोडायचं. कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही वूफर एकाच दिशेला गेले म्हणजे झालं. जुन्या जेबीएलमध्ये प्लस दिल्यावर कोन आत जायचा, ती त्यांची पद्धतच होती, म्हणून दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. एक आत, एक बाहेर असेल तर बेस हवेतच विरतो, लोक मग अँपला शिव्या घालतात. ट्वीटरला सेल लावू नका.

आणि ट्वीटरच्या वायर तुमच्या फोटोत उलट्या दिसत असतील तर "सुधारू" नका. काही क्रॉसओव्हरमध्ये मिड किंवा ट्वीटर मुद्दाम उलटा जोडतात, फेज जुळवायला. फोटोत आहे तसंच.

बसवताना वूफरखालची गॅस्केट गेली असेल तर खिडकीला लावतात ती फोमची पट्टी फिरवा. बंद खोकं असेल तर शेवटी कोन हलकेच दाबून सोडा, तो सावकाश परत आला पाहिजे. टपकन आला तर कुठून तरी हवा निघतेय.

नौपाडाकर

सगळं बसवलं. दोन्ही कोन बाहेर, डावा-उजवा सारखे. उजव्याची हवा निघत होती, वूफरची कड नव्हे, मागच्या बटणाच्या भोकातून, ऐरोलीकरांच्या सांगण्यावरून उघडलं तेव्हा वॉशर आतच राहिला होता. तो घातला आणि कोन सावकाश यायला लागला.

रात्री विलायत खाँसाहेबांची जुनी रेकॉर्ड लावली. उजव्यात झांजा आणि तारा परत आल्या आहेत, किंचित टोचत होत्या म्हणून एक ओहम टाकला, आता बरोबर. डाव्यात बायाँ घुमतो पण घरघर नाही. बेस सुरुवातीला जरा आखडल्यासारखा वाटला, आज मोकळा वाटतोय, फोम सैल होत असेल बहुतेक. खर्च फोम, कपॅसिटर, क्लीनर, गोंद मिळून कारच्या एका वूफरच्याही खाली आला.

घोडबंदर_एक्सप्रेस

साउंडबारवाला म्हणून माझी नोंद पुसा. ऐकायला कधी येऊ?

नेरूळची_ताई

अभिनंदन! आता माझं. आमच्या स्पीकरची कड फोमची नाही, कापडासारखी दिसते, वर काहीतरी चिकट काळं लावलंय. हात लावला तर सडलेली नाही, पण एका जागी बारीक फट आहे. हे पण कापून फोम लावू का?

जुना_रेडिओ

ताई, अजिबात नको. कापडी सराउंड आहे, ते चिकट काळं म्हणजे त्याचं डोपिंग, हवा बाहेर जाऊ नये आणि कड लवचिक राहावी म्हणून लावतात, ते कधीच पूर्ण वाळत नाही. असं सराउंड पन्नास वर्षंसुद्धा टिकतं. फट आतून, म्हणजे कोनच्या मागच्या बाजूने, पातळ सुती कापडाचा नखाएवढा तुकडा रबरी गोंदाने चिकटवा. पण आधी ती वायरींची अदलाबदल, मग मीटर, आणि आकडे इथे टाका.